वॉम्बॅटीण आणि अरुंद खिंड

दक्षिणेच्या समुद्रात एक भलंमोठं बेट आहे. तिथल्या निलगिरीच्या रानात, ओढ्यापलीकडच्या उतारावर, एक वॉम्बॅटीण राहत असे. पोरांनो, वॉम्बॅट तुम्ही पाहिला नसेल. अस्वलाच्या पिल्लासारखा गोल, ठेंगणा, आखूड पायांचा प्राणी. पण बीळ खणायला लागला की घुशीनंही लाजावं. त्याच्या मादीला पोटाशी पिशवी असते आणि त्या पिशवीचं तोंड मागच्या बाजूला असतं, म्हणजे आई खणत असताना पिल्लाच्या डोळ्यांत माती जात नाही. ज्याला जे काम, त्याला तसं अंग. या वॉम्बॅटिणीचं अंग चिवट होतं आणि जीभ त्याहून चिवट.

त्या रानात चेंडूचा खेळ चाले. निलगिरीच्या सालीचा, वेलींनी करकचून बांधलेला चेंडू. तो पायांनी मारत न्यायचा आणि समोरच्या दोन खुंटांमधून घालवायचा. हात लावायचा नाही, चोच लावायची नाही. हा खेळ ओढ्याकाठच्या मैदानावर होई, आणि ते मैदान वॉम्बॅटिणीच्या आजी-पणजीनं आपल्या नखांनी सपाट केलेलं होतं. तेव्हा ज्याला खेळायचं तो येई, खेळे आणि घरी जाई. पुढं रानातल्या बड्या मंडळींना वाटलं, हे असं जत्रेसारखं नको, शिस्त हवी. त्यांनी दहा संघ निवडले, त्यांची साखळी बांधली आणि प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं असं ठरवलं. उतारावरच्या वॉम्बॅटांना मात्र सांगितलं की तुमचा संघ म्हणजे एका बिळातली सगळी घरचीच मंडळी, आम्हाला साऱ्या रानाचे संघ पाहिजेत. मैदानाभोवती मोठाल्या शिळा होत्याच. आत जायची जी एक जागा होती, तिथं शिळेला लागून मातीचा बांध घातला. मधे खिंड उरली, एका वेळी एकच जनावर जाईल एवढी. मैदान खणलं कुणी, आणि दारावर बसलं कोण. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

सुरुवातीला गंमत वाटली. मग तेच दहा संघ आणि तेच त्यांचे सामने. प्रेक्षक झाडांवर बसल्या बसल्या जांभया देऊ लागले. कोण जिंकणार ते सगळ्यांना आधीच ठाऊक. आणि जो शेवटी येई तो सगळ्यांत निवांत, कारण त्याला बाहेर कुणी काढत नव्हतं आणि बाहेरच्याला आत कुणी घेत नव्हतं. हरून हरून त्याला पोट सुटलं होतं.

वॉम्बॅटिणीनं उतारावर आपला संघ जिवंत ठेवला होता. आखूड पायांचे खेळाडू, पण चेंडू जमिनीला चिकटल्यासारखा नेत. त्यांत सगळ्यांत तयारीची तिची लेक. ती चेंडू घेऊन निघाली की चेंडू कुठं आणि पाय कुठं हे समोरच्याला कळत नसे. दर वर्षी वॉम्बॅटीण बड्या मंडळींच्या सभेकडे जाई आणि आपला संघ साखळीत घ्या म्हणून सांगे. विनवी नाही हं, सांगे. आणि दर वर्षी तिला पुढच्या वर्षी या असं उत्तर मिळे.

एके दिवशी लेक तिच्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "आई, मी म्हातारी झाल्यावर आपला संघ आत जाणार का? कांगारूरावांनी मला त्यांच्या संघात बोलावलंय. या हंगामाचं आपलं ठरलं तर मी इथंच खेळते. नाही ठरलं तर मी त्यांना शब्द देणार."

वॉम्बॅटिणीला राग आला, पण लेकीचा नाही. पोरीच्या पायांत आज जे आहे ते काही लोणच्यासारखं बरणीत घालून ठेवता येत नाही. आणि ही गेली की हिच्यामागून दुसरी जाईल, तिसरा जाईल, आणि उतारावर उरतील नुसती म्हातारी मंडळी आणि त्यांच्या आठवणी. ती उठली आणि सभेकडे निघाली.

आता सभेची गोष्ट ऐका. सभेत दहा संघांचे दहा प्रमुख बसत, सगळे नर. ठराव मान्य असेल तर मान खाली घालायची, अमान्य असेल तर ताठ ठेवायची, अशी रीत. पण त्या वर्षी सभेचे उभे दोन तुकडे पडले होते. एकीकडे कांगारूराव. त्यांचं म्हणणं, उड्या आमचे संघ मारतात, गर्दी आमच्यामुळे जमते, मग खेळ कसा चालवायचा ते आम्ही ठरवणार. दुसरीकडे इमूपंत. इमू म्हणजे शहामृगाचा भाऊबंद, उंच, काटक, नाकानं कांदे सोलणारा. बोरूची शिट्टी त्यांच्या गळ्यात असे. त्यांचं म्हणणं, संघांनी खेळावं, कारभार सभेचा, आणि सभा म्हणजे ज्याच्याकडे शिट्टी तो. पाच माना कांगारूरावांकडे, पाच इमूपंतांकडे. कुठलाही ठराव आला की पाच खाली, पाच ताठ. मैदानावर गवत गुडघाभर वाढलं तरी ते कापायचा ठराव होईना.

वॉम्बॅटीण आली तशी राव आणि पंत दोघांनीही आधी आपापली परीक्षा ठरवली. इमूपंत उतारावर मैदान बघायला गेले. सावलीला झाड किती, पाणी किती लांब, सगळं त्यांनी चोचीनं टोकून पाहिलं. मैदानाची हद्द वॉम्बॅटांनी आपल्याच लेंड्यांनी आखली होती. हसू नका, वॉम्बॅटाच्या लेंड्या चौकोनी असतात, उतारावरून घरंगळत नाहीत, हद्द आखायला त्याहून चांगली वस्तू रानात नाही. इमूपंतांनी नाक वर केलं आणि हे नियमात नाही म्हणाले. मग कांगारूराव आले, त्यांनी मैदानाकडे पाहिलंच नाही; बघायला किती जनावरं येतील तेवढं विचारलं. खेळ कसा करता हे दोघांपैकी कुणी विचारलं नाही. लेक तिथंच चेंडू घेऊन उभी होती.

परीक्षा आटोपली आणि खरी गंमत सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कांगारूराव एकटेच बिळाच्या तोंडाशी आले. आवाज एकदम मऊ.

"मावशी, तुम्हाला आत घेतो. फक्त एवढंच करायचं, आमची मान खाली की तुमची खाली, आमची ताठ की तुमची ताठ."

वॉम्बॅटाला मान अशी दिसत नाही, डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं असतं. वॉम्बॅटिणीनं बिळातून सगळं अंग बाहेर काढलं आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. "कांगारूराव, नीट बघा," ती म्हणाली, "मला मान नाही. पाय आहेत. पाय हवे असतील तर सांगा."

कांगारूराव उड्या मारत गेले. ते दिसेनासे होतात न होतात तोच पलीकडच्या झुडपातून इमूपंत निघाले. त्यांनी तीच गोष्ट अवघड शब्दांत सांगितली. वॉम्बॅटिणीनं विचारलं, पंत, तुम्ही नियमाचे पक्के, मग संघ आत घ्यायचा तो कशावरून, एवढा एक नियम मला सांगा. पंत म्हणाले, सभेच्या इच्छेवरून. "मग इच्छा झाली की या," असं म्हणून ती पाठ वळवून बिळात गेली. वॉम्बॅटाची पाठ ढालीसारखी टणक असते. ती एकदा दाराला लागली की बोलणं संपलं.

तिच्या बहिणीनं कपाळावर हात मारला. अगं, एकाला हो म्हणायचं, आत शिरायचं, मग बघता आलं असतं, असं तिचं मत. वॉम्बॅटीण म्हणाली, "कुणाच्या पाठीवर बसून आत गेलं की उतरायची वेळही तोच ठरवतो."

बोलली खरी, पण त्याची किंमत तिलाच मोजावी लागली. कांगारूरावांना आपली एक मान वाढवायची होती, तशीच ती इमूपंतांनाही हवी होती. कांगारूरावांनी कोआलांचा संघ आणला. कोआला म्हणजे झाडाला मिठी मारून दिवसभर झोपणारा जीव. त्याला चेंडू दाखवला तर तो उशाला घेईल. इमूपंतांनी काटेरी मुंगीखाऊंचा संघ आणला. त्यांनी सरावाला पहिल्याच दिवशी चेंडूवर पाय ठेवण्याआधी अंग ठेवलं आणि सालीच्या पार चिंध्या केल्या. एक तुमचा, एक आमचा, असं एवढ्यापुरतं जुळलं आणि दोन्ही संघ साखळीत आले. त्यांचं मैदान कुणी बघितलं नाही. वॉम्बॅटांना पुढच्या वर्षी या म्हणून सांगण्यात आलं. त्याच संध्याकाळी लेकीनं कांगारूरावांना शब्द दिला. वॉम्बॅटिणीनं तिला अडवलं नाही. फक्त जाताना म्हणाली, पायाचा पंजा आत वळवून मारत जा, तिकडचे लोक उंच उडतात, खालून जाणारं त्यांना दिसत नाही.

आणि एवढं करून सभेत काय झालं? तर कोआलांचा प्रमुख सभेत येऊन बसला तोच झोपला, आणि झोपल्यावर मान खाली जाणारच. कांगारूरावांच्या ठरावाला त्याची मान खाली, इमूपंतांच्या ठरावालाही खाली. आणि आवाज वाढला की मुंगीखाऊंचा प्रमुख अंगाचा गोळा करून घेई. मग त्याची मान खाली धरायची की ताठ, यावरच दुपार जाई. निलगिरीच्या शेंड्यावर एक खंड्या बसे. आपला खंड्या मुकाट्यानं मासे पकडतो, तिकडचा मोठमोठ्यानं हसतो. रानातल्या बातम्या त्याच्याकडून सगळीकडे जात. त्या दिवसांत तो इतका हसला की त्याचा घसा बसला.

हसण्यावारी जाणारी गोष्ट मात्र ही नव्हती. चेंडूचा खेळ साऱ्या बेटांवर चाले आणि त्यावर सात समुद्रांच्या मोठ्या सभेची देखरेख असे. तिच्यापर्यंत वार्ता गेली. तिनं आपल्याकडचा अल्बट्रॉस पाठवला. हा समुद्रपक्षी, पंख इतके लांब की उघडले तर दोन कांगारू शेजारी झोपतील. त्यानं निरोप दिला की हंगामाच्या पहिल्या दिवशी मी येईन. मला मैदानावर सामना दिसला पाहिजे. नाही दिसला, तर तुमची शिट्टी मी घेऊन जाईन, आणि तुमचं रान साऱ्या बेटांच्या मेळ्याला बोलावलं जाणार नाही. वर आणखी एक, मला उडायला वारा लागतो. दुपार कलली की समुद्रावरून वारा येतो, तो आला की मी निघालो.

शिट्टी गेली म्हणजे साखळी गेली. साखळी गेली म्हणजे रानात कुणीच कुठं खेळणार नाही, आत नाही की बाहेर नाही. हे लहानसहान चिमण्यांनाही कळलं. फक्त दोघांना कळलं नाही, कारण त्या दोघांना काळजी होती की पाहुण्याचं स्वागत कुणी करायचं.

पहिला दिवस उजाडला. अल्बट्रॉस सकाळीच खिंडीबाहेरच्या मोकळ्या जागेत उतरला होता. झाडं प्रेक्षकांनी वाकली होती. पहिला सामना कांगारूंचा आणि कोआलांचा. कांगारूराव आपल्या संघासकट आत मैदानावर होते. त्यांना वाटलं, आपण बाहेर जावं आणि पाहुण्याला आत आणावं, म्हणजे यजमान कोण ते दिसेल. इमूपंत बाहेर होते. त्यांना वाटलं, आपण पुढं चालावं आणि पाहुण्यानं मागून यावं, म्हणजे कारभारी कोण ते दिसेल. दोघंही एकाच वेळी खिंडीत शिरले. मध्यावर एकमेकांच्या छातीला छाती लागली.

आता कांगारूला मागं चालता येत नाही, मागं त्याची जाडजूड शेपूट आड येते. आणि इमूलाही मागं जाता येत नाही, त्याच्या पायांची ठेवणच तशी. वळायला जागा नव्हती, कारण खिंड यांनीच एकापुरती ठेवली होती. कांगारूराव म्हणाले, पंत, मागं व्हा. पंत म्हणाले, राव, तुम्ही व्हा. व्हायचं होतं कुणाला? दोघंही पुढंच रेटत राहिले आणि पाचरीसारखे घट्ट बसले. इमूपंतांची लांब मान कांगारूरावांच्या खांद्यावरून पलीकडे लोंबू लागली. आतल्यांना आत राहावं लागलं, बाहेरच्यांना बाहेर. कोआलांचा संघ बाहेरच्या फांदीवर झोपलेला होता, त्यांना फरक पडला नाही. मुंगीखाऊ मदतीला धावले, चांगल्या मनानं धावले, पण खिंडीत घुसले आणि त्यांचे काटे दोघांच्या मांड्यांना टोचले. दोघं असे केकाटले की मुंगीखाऊंनी जागच्या जागी गोळे करून घेतले आणि खिंड आणखी भरली. त्यांना ढकलत बाहेर काढण्यातच बराच वेळ गेला.

ऊन डोक्यावर आलं. मग कुणीतरी म्हणालं, खणायला वॉम्बॅटीणच पाहिजे. अडला नारायण गाढवाचे पाय धरी, ही तर वॉम्बॅटीण. अर्धं रान ओढा ओलांडून उतारावर आलं.

वॉम्बॅटीण आपल्या संघाबरोबर उतारावर बसली होती. दर वर्षी पहिला सामना ती तिथूनच बघे. तिच्या भाच्यांनी ऐकलं मात्र, म्हणाले, अडकू देत, शिट्टी जाऊ दे, त्यांना कळू दे. तिची बहीण अधिक हुशार. ती कानाशी येऊन म्हणाली, "आता हातात सापडलेत. आधी आपला संघ आत घेण्याची शपथ घ्यायला लाव, मग नख लाव मातीला."

वॉम्बॅटिणीनं खाली मैदानाकडे पाहिलं. आत कांगारूंच्या गर्दीत एक ठेंगणी, गोल आकृती चेंडू पायाखाली धरून उभी होती. तिला खेळायचं होतं, एवढंच. शपथ तर घेतली असती त्यांनी, अडकलेला काय वाटेल ती शपथ घेतो. पण शपथेवर आत गेलेल्या वॉम्बॅटांत आणि शपथेवर आत आलेल्या कोआलांत मग फरक काय राहणार होता? ती उठली आणि उतार उतरली.

खिंडीशी आल्यावर ती दोघांच्या पायांशी उभी राहिली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "खणते. माझ्या संघासाठी काही मागत नाही. पण जी जागा मी मोकळी करीन ती पुन्हा कुणी बुजवायची नाही. हा बांध गेला म्हणजे गेला."

कांगारूराव घुसमटल्या आवाजात म्हणाले, मग काय, उद्या कुणीही उठेल आणि आत येईल.

"कुणीही कसा येईल?" वॉम्बॅटीण म्हणाली. "बाहेर जो सगळ्यांत चांगला खेळतो त्यानं तुमच्यातल्या शेवटच्या संघाशी खेळावं. जिंकला तर तो आत आणि शेवटचा बाहेर. बाहेर म्हणजे काही मसणात नाही. वर्षभर उतारावर खेळा, पोट उतरेल, मग या परत. आणि माना मोजायच्याच असतील तर खेळणाऱ्यांच्याही मोजा, आणि माद्यांच्याही. अर्धा खेळ आमच्या पोरी खेळतात, आणि सभेत एक मादी मी कधी पाहिली नाही."

इमूपंतांनी लोंबत्या मानेनंच सांगितलं की हे नियमात बसत नाही.

"तुम्ही तरी कुठं बसताय, पंत? अडकलाय."

सगळं रान हसलं. घसा बसलेला खंड्यासुद्धा हसला. पण दोघांच्या माना काही खाली जाईनात. आधी कोण घालणार? जो आधी घालेल तो हरला, असं दोघांच्याही डोक्यात. निलगिरीची पानं हळूच उलटी झाली, चंदेरी दिसू लागली. वारा निघाला होता. अल्बट्रॉसनं एक पंख जरासा उचलून पाहिला आणि पुन्हा मिटला.

कांगारूरावांनी तेव्हा पहिल्यांदा इमूपंतांकडे नीट पाहिलं. इतकी वर्षं भांडले, पण इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. पंतांच्या डोळ्यांत भीती होती, आणि तीच भीती पंतांना रावांच्या डोळ्यांत दिसली. शिट्टी गेली तर पंतांच्या गळ्यात काय उरणार, आणि खेळ गेला तर रावांच्या उड्या कोण बघणार? दोघांनी एकाच क्षणी माना खाली घातल्या. इतक्या जवळ होते की डोक्यावर डोकं आपटून टक्कन आवाज झाला. मागून बाकीच्या माना खाली गेल्या. कोआलाची होतीच.

मग वॉम्बॅटिणीनं नखं लावली. बांधाची माती जुनी, तुडवून तुडवून विटेसारखी झालेली. ती आडवी पडून खणे, पुढच्या पायांनी फोडी, मागच्या पायांनी उडवी. मातीचा नुसता धुरळा. भाचे काही वेळ लांबून बघत राहिले, मग त्यांनाही राहवेना. तेही येऊन लागले. आतल्या बाजूनंही कुणीतरी खणत होतं. ते कोण, हे वॉम्बॅटिणीला नखांच्या आवाजावरूनच कळलं. मातीची शेवटची भिंत कोसळली तेव्हा मायलेकींची नाकं एकमेकींना लागली. दोघींच्या तोंडावर माती.

खिंड आता इतकी रुंद झाली होती की तिघं शेजारी शेजारी जातील. कांगारूराव सुटले, इमूपंत सुटले. आणि पोरांनो, गंमत बघा. कुणालाही मागं जावं लागलं नाही. राव सावकाश वळले, पंत त्यांच्या शेजारी आले, आणि पाहुण्याला मधे घेऊन दोघं एका वेळी आत गेले. स्वागत कुणी केलं, हा प्रश्नच उरला नाही.

सामना मात्र अजून व्हायचा होता आणि कोआला काही जागे होईनात. हलवले, ओरडले, फांदी वाकवली. एकानं डोळा उघडला, पान खाल्लं आणि पुन्हा मिटला. तेव्हा इमूपंत स्वतः वॉम्बॅटिणीकडे आले. त्यांनी विचारलं, आणि या वेळी विचारलंच, की तुमचा संघ आज खेळेल का. ती म्हणाली, "आज पाहुणे म्हणून खेळतो. साखळीत येऊ तेव्हा जिंकून येऊ."

शिट्टी वाजली. गवत गुडघाभर वाढलेलं, कांगारूंच्या गुडघ्याएवढं म्हणजे वॉम्बॅटांच्या कानापर्यंत. कांगारूंना चेंडू दिसेना आणि वॉम्बॅटही दिसेनात. नुसतं गवत हलताना दिसे, आणि हलत हलत ते खुंटांकडे जाई. पहिला गोल वॉम्बॅटांनी केला. झाडांवरच्या जांभया बंद झाल्या. काकाकुवे तुरे उभारून ओरडू लागले. मग कांगारूंनी एक केला, उंचावरून, छान केला. बरोबरी झाली. वारा वाढत होता, अल्बट्रॉस उभा राहिला होता, आणि अगदी शेवटी लेकीकडे चेंडू आला. समोर तिचेच भाऊबंद. तिनं पायाचा पंजा आत वळवला आणि खालून मारला. चेंडू तिच्याच मावशीच्या पायांतून गेला आणि खुंटांमधे शिरला.

वॉम्बॅट हरले. उतारावरची मंडळी हिरमुसली. वॉम्बॅटीण मात्र पुटपुटली, "बरोबर मारला," आणि मग तिला कुणी बघत नाही असं पाहून डोळ्यांतली माती पुसली. अल्बट्रॉस म्हणाला, शिट्टी इथंच राहू दे, आणि पंख पसरून वाऱ्यावर बसला.

त्या वर्षी हंगाम संपल्यावर उतारावरचा संघ शेवटी आलेल्या संघाशी खेळला आणि जिंकला. तो सुटलेल्या पोटाचा संघ उतारावर गेला आणि आता बराच बारीक झालाय म्हणतात. मुंगीखाऊंनी आपणहून नाव मागं घेतलं. चेंडूपासून दूर राहून मैदानातल्या मुंग्या वेचायचं काम त्यांनी मागून घेतलं आणि ते खूश आहेत. कोआला प्रेक्षक झाले. नदीकडच्या बदकचोचीच्या प्लॅटिपसांनी निरोप पाठवलाय की पुढच्या खेपेला आम्ही उतरणार. सभेत अजूनही भांडणं होतात. राव आणि पंत अजूनही एकमेकांना टोचून बोलतात. पण आता सभेत तीन माद्या बसतात, आणि भांडण फार लांबलं की त्यांतली एक म्हणते, चला, सामना बघायला जाऊ, उरलेलं नंतर भांडा.

लेकीनं कांगारूंना दिलेला शब्द हंगामभर पाळला. हंगाम संपल्यावर ती एका संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी आली. वॉम्बॅटीण मुळं खात बसली होती. लेकीनं विचारलं, "आई, जागा आहे का?"

"बिळात आहे," वॉम्बॅटीण म्हणाली. "संघातली खेळून मिळव. आपल्याकडे वशिला चालत नाही."

लेक हसली, चेंडू पायाशी घेतला आणि उजेड होता तोवर उतारावर सरावाला गेली.

तात्पर्य : वाट एकापुरतीच ठेवली की मोठेमोठे तीत अडकतात आणि खेळ बंद पडतो, ती रुंद केली की कुणालाच माघार घ्यावी लागत नाही. आणि आत कोणाला घ्यायचं ते त्याच्या मानेवरून नाही, पायांवरून ठरवावं.